कूस

“टॉर्च जरा अलीकडे धरा,” ब्रॉनविन म्हणाली.

लांगीने टॉर्च अलीकडे आणला. कुशीवर वळवलेल्या तिच्या मुलाच्या, सेफोच्या पाठीवर उजेड पडला. ब्रॉनविनने माकडहाडावर बोट दाबलं, उचललं. कातडी लगेच पूर्ववत झाली. ना ओरखडा, ना काळपट डाग.

“प्रयोगाचा तेरावा महिना,” ती पुटपुटली. “एकवीस वर्षं नर्स आहे मी. असं कधी पाहिलं नाही.”

“माझ्या ढुंगणाचं एवढं कौतुकही आजवर कुणी केलं नव्हतं,” सेफो उशीतूनच म्हणाला.

“जीभ आवर. पाद्रीबाबा येतील एवढ्यात,” लांगी म्हणाली. पण हसू तिलाही आवरलं नाही.

चार वर्षांपूर्वी सेफो इथे लोगन शहरातच एका घराच्या छपरावर पत्रे ठोकत होता. पाय घसरला आणि मान मोडली. मानेखाली हालचाल नाही, जाणीव नाही. तेव्हापासून लांगीचा खरा वैरी म्हणजे ती गादी. एकाच अंगावर पडून पडून पोराचं मांस कुजायचं आणि त्याला कळायचंही नाही. दुसऱ्या खेपेला तर जखमेच्या तळाशी हाड दिसलं. पाच महिने हॉस्पिटलात गेले. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, “पुन्हा असा बेडसोर झाला, तर शरीर सोसणार नाही त्याचं.”

म्हणून मायलेक स्टेम सेलच्या प्रयोगाला तयार झाले. पोटातली थोडी चरबी काढायची, तिच्यातल्या पेशी वेगळ्या करायच्या आणि माकडहाडाभोवती टोचायच्या. जखम होण्याआधीच तिथे नव्या रक्तवाहिन्या फुटाव्यात, मांस बळकट व्हावं, अशी आशा. निम्म्या लोकांना पेशी मिळणार होत्या, निम्म्यांना नुसतं सलाइन. कुणाला काय टोचलं ते सीलबंद पाकिटात. कूस मात्र सगळ्यांची दर चार तासांनी बदलायची. कमी नाही, जास्त नाही.

लांगी घड्याळाचा गजर लावून कूस बदलायची. तिला मोकळीक काय ती रविवारी, दहा ते बारा. तेव्हा ती रस्त्यापलीकडच्या चर्चमध्ये गायला जाई. सेफोच तिला पिटाळायचा.

“जा गं आई. तू नसलीस की त्या बाया बेसूर होतात, इथवर ऐकू येतं. तू गायलीस की मला छान झोप लागते.”

त्याच्या हनुवटीपाशी हाक मारायचं बटण ठेवून, दाराला कुलूप घालून ती जायची. परत येई तेव्हा तो घोरत असे आणि चादर खाली पडलेली असे. “मेला पंखा!” म्हणत ती पुन्हा पांघरूण घाली.

वर्षभरात बातमी पसरली. चर्चच्या बाया नारळाच्या दुधात भाजलेले पाव घेऊन पाठ बघायला येऊ लागल्या. तमासे नावाच्या म्हातारीचा नवरा बेडसोरनेच गेला होता. तिने त्या अखंड कातडीवरून पुन्हा पुन्हा हात फिरवला. पाद्रीबाबांनी प्रार्थनेत देवाबरोबर डॉक्टरांचेही आभार मानले.

प्रयोगाच्या शेवटच्या दोन आठवड्यांसाठी ब्रॉनविनने गादीवर एक पातळ चटई अंथरली. अंगाचा भार कधी, कुठे पडतो, त्याची नोंद ती चटई आपोआप ठेवायची. मग एका मंगळवारी सकाळी ब्रॉनविन कागदांची चळत आणि पाकीट घेऊन आली. सेफो आत झोपला होता. दोघी स्वयंपाकघरात बसल्या.

“पाकीट काल उघडलं,” ब्रॉनविन म्हणाली. “सलाइन होतं, लांगी. त्याला पेशी मिळाल्याच नाहीत.”

लांगीने हातातला कप खाली ठेवला. “मग ती पाठ?”

“तेच विचारायला आलेय.” ब्रॉनविनने एक कागद तिच्यापुढे सरकवला. डोंगररांगांसारख्या रेघा होत्या त्यावर. “हे दर चार तासांचे मोठे चढ म्हणजे तुम्ही. आणि मधले हे बारीक? दिवसातून दहा-बारा वेळा त्याची कूस बदललीय. थोडीशीच, पण बदललीय. मी रागावणार नाही. आईच्या मायेला नियम कुठे कळतात?”

“बायबलवर हात ठेवते, पोरी. चार तासांआधी मी बोटही लावलं नाही त्याला. आपण नियम मोडला तर दुसऱ्या आयांची फसगत होईल, हे कळतं मला.”

“लांगी, यंत्र खोटं कशाला बोलेल? हे बघा, परवाचा रविवार. सव्वादहा. पावणेअकरा. साडेअकरा. तीन वेळा भार एका कुशीवरून दुसरीवर गेलाय.”

“रविवारी? दहा ते बारा?”

“हो. आठवतंय?”

“तेव्हा मी चर्चमध्ये असते. किल्लीसुद्धा माझ्याच पर्समध्ये असते.”

ब्रॉनविनचं बोट कागदावरच थांबलं. “मग घरात कोण होतं?”

लांगीने त्या बारीक चढांकडे पाहिलं. एकेकावर बोट ठेवलं. पहिला, दुसरा, तिसरा. दर रविवारी खाली पडलेली ती चादर तिला आठवली; ते पंख्याचं काम नव्हतं.

“सेफो,” ती म्हणाली. “एकटा सेफो.”