शून्य मतांचा गुलाल

"काकू, अर्ज मागं घ्या. पंचवीस वर्षं आपलं गाव बिनविरोध आहे," देवळाच्या पारावरून सरपंच म्हणाले. आजूबाजूच्या माना एकदम हलल्या. सवयच होती तशी.

"लग्न होऊन आल्यापासून एकदासुद्धा सरपंच निवडला नाही मी," हौसाकाकू म्हणाल्या. "गुडघे तर गेलेच. बोट आहे तोवर शाई लावून घेते."

चिन्ह मिळालं शिट्टी. काकू ती फुंकत दारोदार हिंडल्या. प्रचार एकच, "मत कुणालाही द्या, पण द्यायला या!" पोरं खिदळली, कुत्री मागं लागली, नवऱ्यानं लाजून तोंडावर मफलर घेतला. काकू थांबल्या नाहीत.

मतदानाला अख्खं गाव लोटलं. काकूंना शून्य मतं पडली. नवऱ्याचंसुद्धा नाही. तरी पहिला गुलाल त्यांनीच उधळला.

सरपंच चक्रावले. "काकू, तुमचं स्वतःचं मत कुठं गेलं?"

"तुम्हाला दिलं की! माणूस बरे आहात."

"मग एवढा खटाटोप कशाला?"

काकूंनी शाईचं बोट त्यांच्या नाकासमोर धरलं. "आजवर न विचारता घेतलंत. आज मी दिलंय. पुढच्या वेळचं पुढच्या वेळी."