तोंडाचा रुमाल

गुढीपाडवा दहा दिवसांवर आला होता आणि वलगावच्या त्या टिनाच्या शेडमध्ये साखरेच्या गाठ्या पडत होत्या. औंदा कापसानं दगा दिलेला, मोठ्या पदकाची गाठी कोण घेणार? म्हणून सगळे बारीक साचेच काढले होते. त्या साच्यांत दोरा ओढत कौशल्या बसली होती, तोंडाला रुमाल बांधून. पार डाकूसारखी! पण डाकूला लोक निदान भितात तरी.

रुमाल भगवंतरावांच्या हुकमाचा. ते कौशल्येचे भासरे, म्हणजे मोठे दीर, आणि शेड त्यांची. गोळ्या खाऊनही कौशल्येची शुगर उतरत नव्हती. बिचारी ज्वारीची भाकर आणि मेथीवर आली होती, तरी आकडा चढताच! आता साखरेच्या शेडमध्ये बसणाऱ्या बाईवर विश्वास कोण ठेवणार? पाक चाटते, असं घरानं ठरवून टाकलं. वीस वर्षं सांभाळलेली कढई जाऊबाईकडे गेली, हिच्या वाट्याला दोरा आला. नवरा असता तर एखादा शब्द बोलला असता.

कौशल्या पाणी प्यायला उठली. सकाळपासून सहाव्यांदा.

"पाह्य, चालली पुन्हा!" कढईवरून आशाबाई, तिची जाऊ, म्हणाली. "इतली तहान काहून लागते व तुले? रुमालातूनबी चाटतं का काय?"

कौशल्येनं माठातून गडू भरला. भगवंतराव तिथंच उभे होते, आणि भासऱ्यांसमोर तिनं लग्नापासून तोंड उघडलं नव्हतं. हल्ली जे सांगायचं ते रागिणीमार्फत. आणि अमरावतीच्या बसमधून उतरलेली रागिणी, भगवंतरावांची अकरावीतली लेक, तेवढ्यात कागद फडकवत आलीच. काकूला वर्षात दोनदा मुतखडा झाला, हाडं ठणकतात, म्हणून डॉक्टरांनी या खेपेला रक्ताची वेगळीच तपासणी केली होती.

"बाबा, आयका! गळ्यात चार बारक्या ग्रंथी असतात, तांदळाएवढ्या. काकूची एक फुगली अन् नको तितकं काम करून राहिली. हाडातलं कॅल्शियम काढून रक्तात ओतते. म्हणून मुतखडा, म्हणून तहान. अन् डॉक्टर म्हणे, असं झालं की पुष्कळ जणांची शुगरबी औषधाले जुमानत नाई. ऑपरेशन करा लागन. मंग शुगर उतरन, नाईबी उतरन, थे आताच सांगता येत नाई म्हणे."

भगवंतरावांनी कागद हातात घेतला. सगळं इंग्रजी.

"म्हंजे हे चाटत नोयती?"

"रक्तात थे कसं दिसन, बाबा? थे तर तुमालेच समजाले पायजे होतं."

भगवंतरावांनी कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. कौशल्या चार हातांवर उभी होती. ते रागिणीला म्हणाले, "रुमाल सोडाले सांग तिले. अन् कढईवर बस म्हना. पाक चाखून पाह्य म्हना, आला का नाई."

कौशल्येनं रुमाल सोडला. गालांवर कापडाच्या काठाचे वळ उठले होते. पुढे अजून एखादं वाक्य येईल म्हणून ती थोडी थांबली. आलं नाही.

मग ती कढईपाशी बसली. झाऱ्यावर थेंब घेतला, फुंकून निववला, अंगठा आणि बोटात धरून हळूच ओढला. केसासारखी बारीक तार निघाली.

"चव मले माईत नाई," ती म्हणाली. रागिणीला नाही, सरळ भगवंतरावांकडे पाहून. "वीस वर्सात चाखलाच नाई. पाक बोटानं कळते, भाऊजी."

शेजारी आशाबाईनं तोंडापर्यंत नेलेलं पाकाचं बोट तिथंच राहिलं.

भगवंतराव वळले आणि साचे मोजू लागले. कढई रटरटत होती. कौशल्येनं त्यांना दिसावा म्हणून हात पुढे केला होता. तार तुटली नाही. बोटांच्या मधोमध ती वाळली, पांढरी, कडक झाली, तरी हात तसाच पुढे होता.