अबोल पाणी

पाण्याचा घडा होडीत ठेवताना झांबेताचा अंगठा फळीखाली चेंगरला, पण तिच्या तोंडून साधं 'आई गं'सुद्धा निघालं नाही. धक्क्यावर जमलेल्या बायका हळहळल्या. अंगठ्यासाठी नव्हे. ती ओरडली असती तर पाणी वाया गेलं असतं, आणि त्या तेच बघायला आल्या होत्या.

“झांबेता, तुझ्या भट्टीतल्या पावात म्हणे झुरळ निघालं!” एक जण ओरडली.

“आणि तेवढंच काय ते चवीला बरं होतं!” दुसरीनं भर घातली.

झांबेताचे कान लाल झाले. ओठ मिटलेलेच राहिले. ती होडीत चढली, घडा मांडीत घेऊन दोन्ही हातांनी कवटाळून बसली. होडीवाल्या पान्तेलिसनं घाईनं दोर सोडला.

संत योहानाच्या सणाचं हे अबोल पाणी. कोखिली बेटावरच्या विहिरी खाऱ्या, म्हणून ते पलीकडच्या, या धक्क्याच्या बेटावरून आणायचं. आणणारीनं घरी पोचेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. मग पोरींनी त्यात आपापल्या अंगठ्या, कानातली टाकायची, आणि दुसऱ्या दिवशी एकेक वस्तू बाहेर काढत चावट गाणी म्हणायची. कुणाच्या नशिबी कसला नवरा आहे, ते त्यातून कळतं. वाटेत आणणारी बोलली, की ते पाणी भांडी घासायच्या लायकीचं.

शिवाय आणणारी बिनलग्नाची हवी. कोखिलीच्या सगळ्या बिनलग्नाच्या पोरी मोठ्या बेटांवरच्या हॉटेलांत पर्यटकांच्या चादरी बदलत होत्या. त्या येणार संध्याकाळच्या बोटीनं. शेवटी पाद्रीबाबांनी तोडगा काढला, की विधवा म्हणजे सध्या तरी बिनलग्नाचीच. बेकरीवाल्या झांबेताचं नाव निघालं तेव्हा सगळं चर्च हसलं. “झांबेता आणि गप्प?” वेशीवरचा न्हावी म्हणाला, “मुंडकं उडवल्यावर संत योहानसुद्धा एवढा गप्प बसला नसेल.” त्यावर झांबेतानं भर चर्चमध्ये सांगितलं, की मी गप्प राहून दाखवते, मग बघते एकेकाला.

खाडी अर्धी ओलांडल्यावर पान्तेलिसनं इंजिन बंद केलं आणि शीड चढवलं.

“डिझेलचा वास पवित्र पाण्याला बाधतो,” तो म्हणाला.

झांबेतानं भुवया उंचावल्या. गेली कित्येक वर्षं हीच होडी माशांबरोबर पाद्रीबाबांनाही वाहून नेत होती आणि कुणाला काही बाधलं नव्हतं.

पान्तेलिस सुकाणूचा दांडा काखेत धरून, पुढच्या वाटेकडे पाठ फिरवून तिच्याकडे तोंड करून बसला. पन्नाशी उलटलेला, अजून एकटा. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली.

“झांबेता, मी रोज तुझ्याकडून पाव घेतो. मला पाव आवडत नाही. निम्मा कोंबड्या खातात.”

ती बघत राहिली.

“रोज ठरवून येतो, आज बोलायचंच. पण तू सुरू होतेस. विजेचे हाल, पाद्रीबाबांची दाढी, पर्यटकांच्या चड्ड्या. मला मध्ये शिरायला फट सापडत नाही. आज सापडली, म्हणून सांगतो. घर माझं आहे, छप्पर गळत नाही. दोन शेळ्या आहेत, त्यातली एक स्वभावानं बरी आहे. दारू फक्त सणाला पितो. आता सण पुष्कळ आहेत, त्याला मी काय करू? माझ्याशी लग्न करशील?”

झांबेताचे डोळे मोठे झाले. तिनं हनुवटी झटक्यानं वर उडवली.

त्या बेटांवर मान वर उडवली की 'नाही'. पान्तेलिसचा चेहरा उतरला.

“एकदम नाही? विचार तरी कर.”

तिनं पुन्हा मान उडवली, आणखी जोरात.

“शेळ्या नकोत का? विकतो.”

ती दोन्ही टाचा फळीवर आपटत मान उडवू लागली.

“अगं, पण इतकं चिडायला काय झालं? नाही तर नाही—”

“खडक! मेल्या, मागे खडक आहे!”

पान्तेलिसनं न वळताच सुकाणू ढकललं. शीड धाडकन पलटलं, होडी कलली, काळा खडक तिचं बूड खरवडत गेला आणि त्यावरचे समुद्रपक्षी शिव्या दिल्यासारखे उडाले. मग झांबेता सुटली. पान्तेलिसचे डोळे, त्याची अक्कल, त्याला होडी देणारा बाप, दोन्ही शेळ्या, झुरळवाल्या दोघी जणी आणि त्यांच्या सासवा, सगळे त्यात आले. श्वास घ्यायला थांबली तेव्हा तिचं लक्ष घड्याकडे गेलं. त्यातला थेंबही सांडला नव्हता.

“कुणाला कळणार आहे?” पान्तेलिस हळूच म्हणाला. “आपण दोघंच तर आहोत. तसंच नेऊ या.”

“माझ्या वेळी असंच केलं होतं. पाणी आणणारी वाटेत ठेचकाळून पाद्रीबाबांच्या नावानं ओरडली होती, आणि कुणी काही बोललं नाही. त्या पाण्यातून मला कसला नवरा निघाला, ते सगळ्या बेटानं पाहिलंय.”

तिनं घडा समुद्रात पालथा केला.

“वळव होडी. परत विहिरीवर चल. इंजिन लाव, पोरी यायच्या आत पोचायचंय.”

पान्तेलिसनं निमूटपणे शीड उतरवलं. इंजिनाच्या दोरीला हात घातला, पण ओढली नाही.

“ते मान उडवणं खडकासाठीच होतं ना? म्हणजे माझं उत्तर अजून—”

“आत्ता नको विचारूस,” झांबेता घडा डोक्याच्या रुमालानं पुसत म्हणाली. “तोंड मोकळं आहे, सवयीनं भांडून बसेन. पाणी भरून निघालो, की पुन्हा विचार.”