ग्रुपवरचा पासवर्ड

मुलाखत घेणाऱ्या बाईंचं तोंड प्रश्न विचारता विचारता उघडं राहिलं, ते मिटेचना. कल्पिताने लॅपटॉप खिडकीपाशी नेला, दाराशी नेला, शेवटी पलंगावर चढून उभी राहिली. घोडबंदर रोडवरच्या त्या हॉटेलच्या खोलीत मोबाइलला रेंजची एकच काडी होती. बाई पडद्यावरून गेल्या आणि फोनवर मेसेज आला: ‘दहा मिनिटांत जोडून घ्या, नाहीतर पुढच्या उमेदवाराला बोलावतो.’

दोन वर्षांत आलेली ही पहिली मुलाखत. सकाळी सराव केला तेव्हा वायफाय कसं छान चाललं होतं. मग नेमकं आत्ताच काय झालं? तिच्या डोक्यात पहिलं नाव सासूबाईंचं आलं. खरं तर दुसरं आलंच नाही.

खाली हॉलमध्ये नणंदेची, समृद्धीची हळद चालली होती. “हलदीच्या दिशी वयनी खोलीत लपली,” असं सासूबाई, तुळसाबाई, सकाळी चारचौघींत हसत म्हणाल्या होत्या. ते हसू कल्पिताला अजून टोचत होतं. आणि अर्ध्या तासापूर्वी ती पाण्याची बाटली आणायला उतरली, तेव्हा याच तुळसाबाई काउंटरवरच्या राकेशशी हळू आवाजात काहीतरी बोलत होत्या. तिला पाहताच गप्प झाल्या.

कल्पिता जिने उतरून थेट काउंटरवर गेली.

“मघाशी माझ्या सासूबाई काय सांगत होत्या?”

राकेश चाचरला. “नेट बंद कर म्हणाल्या, मॅडम. पण मी नाही केलं हां. लाइन एकच आहे, सगळ्या हॉटेलचंच...”

पुढचं ऐकायला ती थांबलीच नाही. संशय खरा ठरल्याचं तिला वाईट वाटलं, आणि थोडं बरंही वाटलं.

हॉलच्या दारात चुलतदीर नयन फोन उंच धरून उभा होता. आत जिकडेतिकडे तसेच हात वर. कुणी हळद लाइव्ह दाखवत होतं, कुणी दुबईतल्या भावाला व्हिडिओ कॉल लावला होता.

“वहिनी, भारी काम केलंस,” नयन म्हणाला. “सकाळी वायफायचा पासवर्ड टाकलास ना ग्रुपवर? अख्खं कोलशेत गाव जोडलंय.”

कुणी नावं ठेवू नयेत म्हणून तिनेच टाकला होता. भावकीच्या ग्रुपवर, अडीचशे जणांच्या.

“पण काकीचं काय बिनसलंय कळत नाय,” नयन कुरकुरला. “सगळ्यांचे फोन काढून घेतेय.”

तुळसाबाई पाहुण्यांमधून वाट काढत येत होत्या. हात हळदीने माखलेले, आणि पदराच्या ओटीत पंधरा-वीस फोन. शेवटच्या रांगेतल्या आत्याबाईंचा फोन त्यांनी बोलता बोलता काढून घेतला. “सून वर बोलतेय. खालचं नेट तेवढं बंद होत नाय म्हणतो तो काउंटरवरचा पोरगा. तिचं होऊ दे, मग लावा फोन.”

मान वर केली तर समोर कल्पिता. तुळसाबाईंनी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

“माझ्याशी भांडाला आलीस ना?” त्या म्हणाल्या. “मंग भांडू. आधी वर जा.”