बटणांचा डबा

“या खेळण्याले मी पैसे देनार नाई,” उकंडराव म्हणाले आणि काउंटरवरचा काळा डबा त्यांनी उष्टं ताट सारावं तसा मागं सारला.

शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या पोरीनं, डिंपलनं, तो परत पुढं ओढला. खामगावातल्या त्या माईक-स्पीकरच्या दुकानात अर्ध्या तासापासून हेच चाललं होतं. दुकानदार शकील बापलेकीच्या मधात उगाच काचेवर फडकं फिरवत होता.

आता उकंडराव चिडणार नाहीत तर काय करतील? गावात, सोनाळ्यात, तीस वर्षांपासून त्यांची साऊंड सर्व्हिस. लग्न असो, कीर्तन असो, सरपंचाची सभा असो, माईक त्यांचाच. आणि त्यांचीच पोरगी मोबाइलवर गेम खेळते, तो खेळ जगाला लाइव्ह दाखवते, म्हणून तिला माईक पाहिजे. बरं, तेही त्यांनी मान्य केलं. अभ्यास सांभाळून खेळते, खेळेना का. बजेट अडीच हजार. एवढ्या पैशात त्यांनी स्वतः बोलून, फुंकून, ठोकून एक माईक निवडला होता. तोंडाजवळचाच आवाज घेणारा, घरातला पंखा, कुकर, शेजारची पिठाची गिरणी बाहेरच ठेवणारा. सोबत स्टँड आणि फोनला जोडायची वायर. एवढं सगळं झाल्यावर ही बया म्हणे, मले हा डबाच पाहिजे.

डब्यावर रंगीत बटणं होती. एक दाबलं की टाळ्या, दुसरं दाबलं की हशा, आणि तिसरं दाबलं की बोलणाऱ्याचा आवाजच बदलायचा. शकीलनं ते दाबून दाखवलं तेव्हा डिंपलचं ‘हॅलो’ एखाद्या घोगऱ्या माणसाच्या गळ्यातून आल्यासारखं बाहेर पडलं.

“काका, क्वालिटी नाई त्यात,” शकीलनंही सांगून पाहिलं. “लहान लेकरं नेतात मजेसाठी.”

“आयकलं? इकनारा सोता नाई म्हनते.” उकंडराव लेकीकडं वळले. “तुह्या आवाजाले काय रोग झाला का? चांगला खणखणीत आवाज देवानं देल्ला, अन् तू त्यात घोगरा माणूस भरून राह्यली.”

“मले हाच पाहिजे, बाबा.”

“काऊन?”

डिंपलनं डबा आणखी जवळ ओढला. काही विचारलं की गप्प, हे तिचं दोन महिन्यांपासूनचं. उकंडरावांचा पारा आणखी चढला. त्यांनी खिशातून फोन काढला.

“थांब, प्रज्वललेच बोलावतो. त्याले समजते यातलं.”

प्रज्वल म्हणजे डिंपलचा मोठा भाऊ. तिथेच खामगावात खोली करून इंजिनिअरिंग शिकत होता आणि तोही हाच गेम खेळायचा. खोली दुकानापासून पाच मिनिटांवर.

“त्याले नका बोलावू,” डिंपल म्हणाली.

“आता थो बी नाई? सख्ख्या भावाची मदत नको, बापाची अक्कल नको. मंग आली कायले मायासोबत?” दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून पाहू लागली, पण उकंडरावांना त्याचं काय. त्यांनी फोन लावला. प्रज्वल म्हणाला, निघालोच.

डिंपलनं काउंटरवरचा हेडफोन उचलला, आपल्या मोबाइलला जोडला आणि बापापुढं धरला.

“हे आयका. मंग बोला.”

दोन महिन्यांपूर्वीच्या आपल्या लाइव्हचं रेकॉर्डिंग तिनं जपून ठेवलं होतं. जिल्ह्यातल्या पोरांचा एक ग्रुप रोज संध्याकाळी मिळून हा गेम खेळायचा. डिंपल त्यात टोपणनावानं खेळायची, कधी बोलायची नाही. त्या दिवशी तिनं पहिल्यांदा फोनचा माईक सुरू केला होता आणि एवढंच म्हटलं होतं, “मागून येऊन राह्यले, गाडीत बसा.”

उकंडरावांनी हेडफोन कानाला लावला. आधी पोरीचा आवाज आला. मग कोणीतरी ओरडलं, “अबे, बाई घुसली.” मग चौघं-पाच जण तुटून पडले. चुलीपासून, भाकरीपासून सुरू झालं आणि तिच्या अंगावर गेलं. पुढचं लिहवत नाही. त्यात एक जण सगळ्यांच्या वरचढ होता. बाकीचे थकले की तो नवीन काहीतरी काढायचा. त्यानं तिचा रेट विचारला तेव्हा सगळे खिदळले.

उकंडरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोण हा हरामखोर, कोणत्या गावचा, कोणत्या मायबापाचा? शोधून काढू आणि भर चौकात जोड्यानं हाणू. ओळख पटावी म्हणून त्यांनी आवाज वाढवला आणि तेवढंच पुन्हा ऐकलं. मग तिसऱ्यांदा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना ते बाजूच्या स्टुलावर बसले. या आवाजाला ‘हॅलो, माईक टेस्टिंग’ म्हणायला त्यांनीच मांडीवर घेऊन शिकवलं होतं.

“त्याले मालूम हाये का, थे तू होती?” हेडफोन काढत त्यांनी विचारलं.

“नाई. नाव दुसरं होतं, अन् फोनच्या माईकवर आवाज फाटलेला येते.” डिंपलचे डोळे भरले होते, पण राग त्याहून जास्त होता. “कोनाले सांगू, बाबा? आपलेच दात, आपलेच ओठ. मले खेळाचं हाये. मानसाच्या आवाजात बोललं का कोनी काही म्हनत नाई.”

शकीलचं फडकं थांबलं होतं. बाहेर मोटरसायकल लागली आणि प्रज्वल हसत हसत आत आला.

“काय बाबा, झाली का खरेदी? दाखवा बरं, काय घेतलं मॅडमसाठी.”

उकंडराव उठले. इतका वेळ दुकान डोक्यावर घेणारा माणूस आता अगदी हळू बोलला.

“शकीलभाऊ, थो माईक बांध माया पोरीसाठी. अन् हा डबा बांध याच्यासाठी. आवाज लपवाची गरज याले हाये.”