लाकडांचा हिशोब

महाडच्या मामलेदार कचेरीतून पेन्शनीत निघालेल्या हैबतरावांच्या चुलीला आणि न्हाणीच्या बंबाला लाकडं पुरवायचा तो शिवथरचा गोमाजी. गाडी यायची, लाकडं पडवीत रचली जायची. पण पैशांचा विषय काढला की गोमाजी बैलांना चुचकारत वाटेला लागायचा. "आबा, पैसं कुठं पळून जातायत? करू सावकाशीनं."

हैबतराव चिडायचे. देणं ठेवून मेलेला माणूस पुढच्या जन्मी घेणेकऱ्याच्या गोठ्यात बैल होतो, यावर त्यांची कचेरीतल्या कायद्यापेक्षा जास्त श्रद्धा होती. आणि शिवथरचा चढ त्यांना चांगला ठाऊक होता.

"मला तुझी गाडी ओढायला लावणार आहेस का रे लेका!" ते ओरडायचे.

"अहो, मागत नाही तर राहू द्या की," त्यांच्या पत्नी बनुबाई आतून म्हणायच्या. तेवढ्याने ते आणखी भडकायचे.

यंदा ते तापाने अंथरुणाला खिळले आणि वैद्यांनी काढा देणंही थांबवलं, तेव्हा त्यांनी माणूस धाडून गोमाजीला मुद्दाम बोलावून घेतलं. उशाखालची पैशांची पिशवी काढून त्याच्यापुढे सरकवली आणि खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "आता तरी आकडा सांग बाबा, म्हणजे मी सुटलो."

गोमाजीने त्यांचा चेहरा नीट न्याहाळला आणि पिशवी हळूच परत उशाखाली सारली.



"आता अर्ध्यात कशाला, आबा? सरणाची लाकडं पन माझ्याच गाडीनं येतील, मंग समदा हिशोब येकदमच करू."