जखमी माणूस काढायची सोय

गवताचा ट्रक भरताना वरून पडला तेव्हापासून सुयोगचे पाय हलत नव्हते. ताटातली अर्धी भाकरी तो रोज भूक नाही म्हणून परत करायचा. त्याचं मन रमावं म्हणून शहापूरला कॉम्प्युटर क्लासला जाणाऱ्या धाकट्या बहिणीने, भाग्यश्रीने, घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर एक खेळ बनवला. खेळणाऱ्याने गावाचा पाटील व्हायचं, माणसांना लावणी, कापणी, राखण अशी कामं वाटायची आणि कणगीतल्या भातावर गाव जगवायचं. काही दिवसांनी तिने विचारलं, “दादा, खेळात काय कमी हाय ते सांग.” “झकास हाय गो. फक्त जखमी माणसाला गावातून काढायची सोय कर. काम करत नाय, नुसता खातो. त्याच्यापायी कणगी रिकामी होते.” भाकरी थापणाऱ्या आईचा हात थांबला. दुसऱ्या दिवशी क्लासवरून आल्या आल्या भाग्यश्रीने खेळ लावून दिला. “केली तुझी सोय. आता बघ.” सुयोगने जखमी माणूस निवडला आणि ‘काढा’ दाबलं. तो माणूस लंगडत वेशीबाहेर निघाला. त्याच्यामागे राखणवाले निघाले, लावणीच्या बाया निघाल्या, बैलसुद्धा निघाले. पडद्यावर भरलेली कणगी तेवढी उरली, खायला कोणीच नव्हतं. सुयोग त्या कणगीकडे बघत राहिला. मग मान न वळवता म्हणाला, “आये, भाकरी दे. अख्खी दे.”